फक्त डावी पानं

माझा हात बरा झालेला नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण आजारपणावरचं पुस्तक हातात आलं की मी स्वतः पहिल्यांदा शेवटचं पान बघते. तिथे "आज मी पूर्ण बरी आहे" असं दिसलं की पुस्तक मिटते. तसलं काही इथे मिळणार नाही. ज्यांचा हात माझ्यासारखाच लिहिता लिहिता उलटला असेल, त्यांनी जरूर वाचावं. कुणीतरी आपल्याइतकंच वैतागलेलं आहे, एवढं समाधान नक्की मिळेल.

मला भाजी चिरता येते. स्कूटर चालवता येते. सुईत दोरा ओवता येतो, कॉम्प्युटरवर धडाधड टाइप करता येतं. फक्त पेन धरून लिहिता येत नाही. पेन कागदाला टेकलं की अंगठा आत वळतो, पहिलं बोट पेनावर इतकं दाबून बसतं की नख पांढरं पडतं आणि मनगट आपोआप वर उचललं जातं. दुखत फारसं नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं, दुखण्याला घरात मान असतो.

वही

मी मूळची तासगावची. लग्नानंतर इकडे आले आणि आता चंदीगडला लागूनच्या पंचकुल्यात घर आहे. नवरा, समीर, आयटी पार्कमध्ये नोकरी करतो. मी चंदीगडच्या एका संशोधन संस्थेत गव्हावरच्या तांबेऱ्यावर काम करते. गव्हाच्या पानावर हळदीसारखी नाहीतर गंजासारखी पूड धरते, तो तांबेरा. आमच्या काचघरात कुंड्यांच्या रांगा आहेत. रोज पानं उलटीपालटी करून बघायची आणि जे दिसेल ते तिथल्या तिथे वहीत लिहायचं, हे माझं काम.

वहीबद्दल आमच्या सरांचे दंडक आहेत. वही शिवलेली हवी, जाड पुठ्ठ्याची, पानांवर आधीच आकडे घातलेली. पान फाडायचं नाही. चुकलं तर एकच रेघ मारायची, म्हणजे काय चुकलं होतं तेही दिसतं. कोरं पान सोडलं तर त्यावर तिरकी रेघ ओढायची. आणि ज्याने बघितलं त्यानेच लिहायचं, स्वतःच्या हाताने. संध्याकाळी दुसऱ्याने वाचून खाली सही करायची. "कंप्यूटर में तो सब सुंदर लगता है," सर म्हणतात, "आदमी ने क्या देखा, वो कॉपी में दिखता है."

बाकीचे या नियमावर कुरकुरतात, मला तो मनापासून आवडायचा. मला लिहितानाच दिसतं. पानावर पाच ठिपके आहेत असं डोळे म्हणतात, हात लिहायला लागतो आणि मग सहावा सापडतो.

वह्या मी सेक्टर बावीसमधल्या एका दुकानातून आणते. नवी वही आणली की ती कण्यावर उभी धरायची, दोन्ही पुठ्ठे आडवे पाडायचे, मग थोडी पानं पुढून, थोडी मागून असं दाबत दाबत मधोमध यायचं. अशी मोकळी केलेली वही कुठेही उघडली तरी सपाट पडते आणि शिवणीजवळच्या उंचवट्यावर हात अडत नाही. हे मला आप्पांनी शिकवलं. आप्पा म्हणजे माझे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी होते. मी त्यांच्याच वर्गात शिकले. माझं अक्षर मोत्यासारखं होतं, असं मीच नाही, सगळी आळी म्हणायची. त्यात माझं कौतुक कमी आणि आप्पांचं जास्त असायचं.

आधी पेनाला बोल लावले

पहिल्यांदा आकडे बिघडले. संध्याकाळी सही करायला बसलेली माझी सहकारी जसलीन म्हणाली, "यार, ये सात है या एक?" मी म्हटलं, सात. दुसऱ्या दिवशी तिने तेच विचारलं, आणि तो सात होता की एक हे मलाही सांगता येईना.

मी पेन बदललं. शाईचं आणलं, जेलचं आणलं, जाड आणलं, रबराच्या पकडीचं आणलं. दुकानदार म्हणाला, "मैडम, पेन की एजेंसी ले रहे हो क्या?" मग खुर्ची उंच केली. मग टेबलावर उतरती फळी ठेवली. फळी कसली, समीरचं लॅपटॉपचं स्टँड. त्याची मान दुखायला लागली, माझं अक्षर काही सुधारलं नाही. मग वहीच वाईट आहे असं ठरवून दुसरी आणली, तिचाही कणा नीट मोकळा केला. पहिल्या ओळीत पेन कागदातून आरपार गेलं.

दहा पानं

आता मी केलेला मूर्खपणा सांगते. तो गुरुजींच्या पोरीच करू शकतात.

मी डॉक्टरकडे न जाता आप्पांना फोन केला. आई गेल्यापासून आप्पा तासगावात एकटे असतात, त्यांना कुणीतरी काहीतरी विचारलेलं हवंच असतं. त्यांनी मला पुरतं बोलूही दिलं नाही.

"मोबाईलनं हात आळशी झालाय तुझा. लिहायचं सोडलं की असंच होतंय. रोज सकाळी दहा पानं शुद्धलेखन काढ. महिन्यात हात मोकळा होतोय का नाही बघ."

आणि मी, गव्हाच्या रोगांवर डॉक्टरेट केलेली बाई, दुरेघी वही आणून सकाळच्या चहाआधी शुद्धलेखन काढायला बसले. मला ते इतकं पटलं होतं! आमच्याकडे सगळ्यावर हाच इलाज असायचा. पाढे चुकले, लिहून काढ. खोटं बोललीस, लिहून काढ. हात बिघडला, तर दुसरं काय करणार?

रोज पानांचे फोटो आप्पांना पाठवायचे. त्यांना फोटोवर बोटाने लाल गोल काढता यायला लागले होते, तेव्हापासून त्यांच्यातला गुरुजी पुन्हा नोकरीवर रुजू झाला होता. फोटो परत यायचा तो लाल गोलांनी भरलेला आणि खाली शेरा: प्रयत्न कमी. मग मी दहाची पंधरा पानं केली. जितकी पानं वाढवली तितका हात जास्त वळायला लागला. पुढे पुढे तर पेन कागदाला टेकायच्या आधीच, नुसतं उचललं की बोटं मुडपायला लागली. मी रडकुंडीला येऊन लिहायची, आणि शेरा यायचा: उतावीळपणा नको.

हात दाखवून

हाडांच्या डॉक्टरांनी मानेचा एक्स-रे काढला आणि मान उत्तम आहे असं सांगितलं. दुसऱ्या एकाने टेन्शन कमी घ्या म्हणून सांगितलं. मला त्या सल्ल्याचंच टेन्शन आलं. शेवटी जसलीनने मोठ्या सरकारी हॉस्पिटलात मेंदूच्या डॉक्टरांकडे जायला भाग पाडलं.

तिथली सकाळ ज्यांनी काढली आहे त्यांना वेगळं सांगायला नको. हिमाचलपासून हरियाणापर्यंतचं सगळं जग तिथल्या बाकड्यांवर बसलेलं असतं, फायली मांडीवर, डबे पायाशी. समीरने रजा काढली होती आणि तो दर थोड्या वेळाने फोन बघत होता. मलाही स्वतःची लाजच वाटत होती. आजूबाजूला माणसं स्ट्रेचरवर, आणि मी सांगणार काय, तर माझं अक्षर बिघडलंय!

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी कागद पुढे सरकवला. "लिखिए."

"क्या लिखूँ?"

"कुछ भी."

मी माझं नाव लिहायला घेतलं. त्या कागदाकडे बघतच नव्हत्या, माझ्या हाताकडे बघत होत्या. इतक्या महिन्यांत हाताकडे बघणारं हे पहिलंच माणूस. बाकी सगळ्यांनी अक्षर बघितलं होतं. मग त्यांनी पेन डाव्या हातात धरायला सांगितलं. मी डाव्याने दोन रेघा ओढल्या, तर मांडीवर मोकळा पडलेला उजवा हात आपसूक मुडपला. अंगठा आत, मनगट वर. मी घाबरून हात मागे घेतला. बाई मात्र मान डोलावून म्हणाल्या, "बस, यही देखना था."

राइटर्स क्रॅम्प म्हणतात याला. हात धडधाकट असतो, पण मेंदूत हात चालवण्याची जी घडी बसलेली असते ती लिहिण्यापुरती विस्कटते. जिवाला धोका नाही. पूर्ण बरं होण्याची खात्री नाही. इंजेक्शनने थोडं सैल पडेल, हळूहळू बघू.

मी पर्समधून शुद्धलेखनाच्या वह्या काढल्या. आपण किती मेहनत घेतली ते दाखवावं म्हणून चक्क सोबत नेल्या होत्या. बाईंनी एक उघडली, दोन पानं उलटली आणि वर तळहात ठेवून मिटून टाकली.

"ये आज से बंद. जितना रगड़ोगे उतना बिगड़ेगा."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. आजाराला नाव मिळालं की हायसं वाटतं असं लोक लिहितात. मला पार्किंगमध्ये गाडीत बसल्यावर इतका संताप आला की रडूच फुटलं. समीरला वाटलं मी घाबरले. मी घाबरले नव्हते. ती सगळी पानं मला आठवत होती, लाल गोलांसकट.

मोदक

"टाइप तर होतंय ना?" समीर म्हणाला. "मग एवढं काय? बोलून टाइप कर. टॅबलेट घे."

समीर वाईट माणूस नाही. तो प्रश्न सोडवणारा माणूस आहे, आणि न सुटलेला प्रश्न घरात फिरताना दिसला की तो चिडतो. टॅबलेट आणला. त्याच्या पेनानेही बोटं तशीच वळली. आठवडाभर आम्ही कामापुरतं बोललो.

बाहेरच्यांचं तर विचारूच नका. गणपतीत इथली चार-पाच मराठी घरं आमच्याकडे जमतात. मी उकडीचे मोदक केले होते. त्यातल्या एका बाईंना माझ्या हाताचं कळलं होतं. त्या बाईंनी मोदक उचलला, कळ्या निरखल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, एवढे सुबक मोदक वळतेस आणि म्हणे लिहिता येत नाही!" सगळे हसले. मीही हसले. वळणाऱ्या हाताला लिहिता का येत नाही, हे मला तरी कुठे कळत होतं?

काचघर

दिवाळीनंतर सरांनी बोलावलं. सर ओरडत नाहीत, तीच पंचाईत आहे. ते समजूतदारपणे बोलतात.

"तब तक आप रिपोर्ट और मीटिंग देख लो. ग्लासहाउस जसलीन देख लेगी."

"सर, मैं बोलूँगी, जसलीन लिख लेगी."

"फिर देखा किसने, आपने या जसलीन ने?"

नियम मलाच सगळ्यात जास्त पटलेला होता. पण "तब तक" म्हणजे काय ते मी ओळखून होते. रिपोर्टवाली बाई पुन्हा काचघरात येत नाही. नवीन माणूस येतो, त्याच्या नावाच्या वह्या सुरू होतात. माझ्या कुंड्या, माझं पान, सहावा ठिपका, सगळं सुटणार होतं. मला संशोधन हवं होतं, आणि ते काचेच्या त्या दारापलीकडे होतं.

मी म्हटलं, "सर, बुआई का सीज़न निकलने दो. फरवरी में तांबेरा आएगा, तब तक मैं लिखकर दिखाऊँगी." तांबेरा हा शब्द सरांना माझ्यामुळेच माहीत झाला होता.

"पढ़ा जाना चाहिए," सर म्हणाले. "किसी तीसरे आदमी से."

इंजेक्शन आणि गर्दन

इंजेक्शनच्या खोलीत हाताला तारा लावतात आणि लिहायला सांगतात. मशीन खरखरतं. कुठला स्नायू आगाऊपणा करतोय ते त्या आवाजावरून डॉक्टर ओळखतात आणि तिथे सुई टोचतात. पहिल्या खेपेला औषध जरा जास्तच लागू पडलं. बोटं इतकी सैल झाली की बाटलीचं झाकण उघडेना, कुडत्याचं बटण लागेना, आणि पेन धरलं की गळून पडायचं. आधी पेन सुटत नव्हतं, आता धरवत नव्हतं. आगीतून फुफाट्यात. मग काही दिवस बरे गेले, अर्धं पान लिहूनही झालं. आणि मग औषध उतरलं, पुन्हा अंगठा आत.

त्या बाकड्यांवर एक चांगली गोष्ट मिळाली. पटियाळ्याच्या एक बहेनजी यायच्या, त्यांची मान एका बाजूला वळायची आणि सरळ राहायची नाही. त्यांनाही तेच इंजेक्शन. माझा नंबर त्यांच्यामागे लागला की त्या डबा उघडायच्या आणि मुळ्याचा पराठा माझ्या हातावर ठेवायच्या. "खा ले पुत्त. तेरा हत्थ टेढ़ा, मेरी गर्दन टेढ़ी, पराठा तां सिद्धा है." चंदीगडमध्ये त्या वर्षी मी मनापासून हसले असेन तर त्या बाकड्यावरच.

डावरी

जसलीनला मदत करायला मी काचघरात जायची, ते सरांनी बंद केलं नव्हतं. एकदा उजव्या हातात कुंडी होती आणि लेबलावर क्रमांक घालायचा होता. मी डाव्याने पेन्सिल उचलली आणि घातला. वाकडा होता, पण चटकन घातला.

जसलीन बघतच राहिली. "तू लेफ्टी है?"

मी नाही म्हणणार होते. आणि मग आठवलं.

पहिलीत जायच्या आधी मी सगळं डाव्याने करायची. आप्पांना ते खपण्यासारखं नव्हतं. गुरुजींची पोरगी डावरी म्हणजे गावाला हसायला कारण. त्यांनी कधी मारलं नाही. ते फक्त म्हणायचे, "हातावर बस." डावा हात मांडीखाली घ्यायचा आणि त्यावर बसायचं. शाळा सुटेपर्यंत. उठले की तळहातावर सतरंजीची नक्षी उमटलेली असायची, हात बधिर झालेला असायचा. बाकीची पोरं हसायची. वर्गात त्यांना आप्पा म्हणायची मुभा नव्हती, मी म्हणायची, "गुरुजी, उठू का?" पुढे उजव्याने लिहायला लागले, मोती झाले आणि सगळे विसरले. मीसुद्धा.

डॉक्टरीणबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, डाव्याने लिहून बघा, हळूहळू, थकवू नका. कधी कधी तोही हात बिघडतो, कधी नाही. म्हणजे इथेही खात्री नाहीच.

आप्पा आले

थंडीत आप्पा आले. चंदीगडची थंडी म्हणजे काय हे त्यांना कानटोपी घालूनही पटत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी जेवणाच्या टेबलावर डाव्या हाताने आकडे काढत बसले होते. ते मागे येऊन उभे राहिले.

"उजवा हात काय मेलाय का?"

"हो, मेला!" मी ओरडलेच. "तुम्ही घडवलेला हात मेला, आप्पा. आता माझा हात वापरतेय. त्यावर बसवायचंय का परत?"

आयुष्यात मी आप्पांशी अशी बोलले नव्हते. ते कानटोपी ओढून समोरच्या पार्कात गेले आणि जेवायची वेळ टळल्यावर परत आले. समीर म्हणाला, "जरा जास्तच बोललीस." मला वाईट वाटत होतं आणि रागही गेला नव्हता. दोन्ही एकदम होतं.

पुढच्या तपासणीला ते माझ्याबरोबर आले. डॉक्टरांसमोर हात जोडून त्यांनी त्यांच्या शाळेतल्या हिंदीत विचारलं, "मैंने बचपन में इसका हाथ बदला. उससे हुआ क्या?"

बाई म्हणाल्या, "अंकलजी, ऐसा कह नहीं सकते. बहुत लोगों का बदलते हैं, सबको नहीं होता."

"मतलब हो भी सकता है."

"मतलब पता नहीं."

मला हो हवं होतं, त्यांना नाही हवं होतं. दोघांनाही मिळालं नाही. घरी आल्यावर त्यांनी पट्टी मागितली.

माझी नवी वही त्यांनी कण्यावर उभी धरली, पुढून-मागून दाबत मोकळी केली. मग फक्त डाव्या बाजूच्या पानांवर समास आखायला घेतला, आणि तोही उलट्या बाजूला, शिवणीकडे, चांगला रुंद.

"फक्त डावी पानं वापर," ते म्हणाले. "उजव्या पानावर लिहायला गेलीस तर डाव्याला टेकायला जागा नाही, हात मधल्या खळग्यात पडतो. आणि शिवणीपर्यंत जायचं नाही. समासाशी थांबायचं. वही जरा उजवीकडं कलती ठेव."

खरंच तसंच होत होतं. हात दुखायचा तो नेमका तिथेच. हे त्यांना कसं कळलं ते मी विचारलं नाही. अजून माझा अबोला पुरता सुटला नव्हता. या वेळी शेरे मात्र आले नाहीत. मी थकले की थांबायची आणि ते दुसरीकडे बघायचे. गुरुजींना दुसरीकडे बघणं किती अवघड जात होतं ते दिसत होतं.

तिसरा माणूस

फेब्रुवारीत पहिली हळद पानांवर दिसली. सरांनी वही मागवली. दोन आठवड्यांची नोंद होती, डाव्या पानांवर माझं वेडंवाकडं लिखाण, उजव्या पानांवर तिरकी रेघ. त्यांनी ती स्वतः वाचली नाही. हिशेबखात्यातल्या एका गृहस्थांना बोलावलं आणि मोठ्याने वाचायला सांगितलं. ते बिचारे गव्हाच्या पानाचं वर्णन अडखळत वाचत होते आणि मी डाव्या हाताने खुर्ची धरून बसले होते. एका ठिकाणी ते थांबले. मला वाटलं संपलं. त्यांनी चष्मा पुसला आणि "सात" म्हणाले. तो सातच होता.

"लिखाई तो ऐसी है कि कौआ चल गया हो," सर म्हणाले. "पर पढ़ी जाती है. जाओ, ग्लासहाउस देखो."

मोती गेले ते गेलेच. लिहायला पूर्वीच्या कितीतरी पट वेळ लागतो. डावा लिहीत असताना उजवा अजूनही मांडीवर मुडपतो, आणि मीटिंगमध्ये लोक त्याच्याकडे बघतात. औषधाच्या खेपा चालू आहेत. डावाही कधी उलटेल ही भीती रोज वही उघडताना असते. हे सगळं खरं आहे, तरीही त्या दिवशी मी काचघरात गेले आणि मला सहावा ठिपका सापडला.

संध्याकाळी आप्पांना सांगायचं म्हणून लवकर निघाले, वाटेत बेसनाची बर्फी घेतली. दार माझ्याच किल्लीने उघडलं. कानटोपीमुळे त्यांना ऐकू आलं नाही.

ते टेबलाशी पाठमोरे बसले होते. समोर माझी जुनी दुरेघी वही, ज्या वहीवर डॉक्टरांनी तळहात ठेवला होता ती. डाव्या हातात पेन्सिल होती. ते अ काढत होते. अख्ख्या तालुक्यात ज्यांच्या अक्षराचे फलक लागायचे त्यांचा अ बाराखडी शिकणाऱ्या पोरासारखा लटपटत होता, आणि माझ्या शुद्धलेखनानंतरची कितीतरी पानं तशाच 'अ'नी भरलेली होती. म्हणजे हे आजचं नव्हतं. शिवणीकडचा समास आणि हात पडणारा खळगा त्यांना इथे सापडला होता.

उजवा हात राहून राहून वर येत होता, पेन्सिल घ्यायला. त्यांनी तो खाली केला. तो पुन्हा आला. मग आप्पा जरासे उठले, उजवा हात मांडीखाली घेतला आणि त्यावर बसले.

मी चपला हातात घेऊन तशीच उभी राहिले. बर्फीची पिशवी वाजली असावी. त्यांनी वळून बघितलं, पण हात काढला नाही.

"किती वेळ बसायचीस गं तू अशी?"

"शाळा सुटेपर्यंत," मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि पुढचा अ काढायला घेतला.